ओळखल्याशिवाय पुसायचं नाही

दाजींचा फोन आला तेव्हा मी वर्गात शिकवत होतो. "भाऊ, तुमची अक्का गेली," एवढंच बोलले. परभणीहून पालमच्या एसटीत बसलो. मनात आलं, आता रविवारी फोटो यायचा नाही.

अक्का माझी थोरली बहीण. आठवडाभर बातम्यांत गाजलेल्या एखाद्या माणसाचा चेहरा ती दर रविवारी सकाळी घरापुढच्या ओट्यावर रांगोळीनं काढायची. कधी मंत्री, कधी क्रिकेटवाला, कधी अंतराळात जाऊन आलेली बाई. केसांना कोळशाची पूड, गालांना विटेची भुकटी, डोळे सगळ्यात शेवटी. खाली नावाची जागा कोरी. येणाऱ्याजाणाऱ्यानं नाव सांगितलं की ती ते लिहायची आणि मगच ओटा झाडायची. "वळखल्याबिगर पुसायचं न्हाई," हा तिचा कायदा. एकदा एक पुढारी कुणालाच ओळखू येईना. शेजारची सुमन म्हणाली, "अक्का, नाक लय बारीक काढलंय तुमी." अक्का म्हणाली, "खरं काढलं आस्तं तर ओट्यावर मावलं नस्तं!"

मला ती फोटो पाठवायची. खाली एकच शब्द, "वळख." सुरुवातीला मी मन लावून ओळखायचो. पुढं पुढं, खरं सांगतो, फोटो न उघडताच अंगठा पाठवायला लागलो. "एकदा येऊन बघ की रे," म्हणायची. "येतो," म्हणायचो.

तेराव्यानंतरच्या रविवारी फोन गप्प होता. राहवेना, म्हणून जुने फोटो एकेक उघडत बसलो. एका चेहऱ्यापाशी बोट थांबलं... रुंद कपाळ, डाव्या भुवईतली खाच, वडिलांसारखी जिवणी. तो मी होतो. शाळेच्या विज्ञान प्रयोगाला बक्षीस मिळालं तेव्हा पेपरात आतल्या पानावर माझा बोटाच्या पेराएवढा फोटो आला होता. मी कुणाला सांगितलंही नव्हतं. तिनं तो हुडकला होता. खाली तिचं "वळख." त्याखाली माझं उत्तर, "छान! मंत्री आहे ना कुणी?" मग तिचं, "नीट बघ." त्यावर माझा अंगठा.

परवा पालमला गेलो, दाजींना विचारलं. ते खाली बघत म्हणाले, "सगळ्या गल्लीनं वळखलंतं. मी म्हनलं, लिही आता नाव. तर म्हने, त्येनंच वळखाया पायजे. वाऱ्यानं उडंल म्हून टोपली झाकून ठिवायची. तुमी येताल म्हून... तवर मंत्रीबिंत्री सगळे पायरीवर काढले तिनं."

दाजी अजून रविवारी ओटा धुतात, पण एक कोपरा सोडून. तिथं खरबरीत फरशीत कोळशाची पूड मुरून राहिलीय, माझ्या केसांची. मी चप्पल काढून खाली बसलो, नीट बघितलं. नावाची जागा कोरीच आहे.