इंदूअक्कांच्या गाडीतली माझी सुधारणा

इंदूअक्कांकडे कुणी तक्रार घेऊन गेलं, की त्या आधी चष्मा काढून पदराने पुसत, पुन्हा नाकावर बसवत आणि विचारत, “सरी, बरं. आणि केव्हा होत नाही?”

पुण्याहून नोकरीसाठी बंगलोरला आल्यावर मी मल्लेश्वरममध्ये त्यांच्या घराच्या वरच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. पहिल्याच महिन्यात मी त्यांना म्हणालो, “अक्का, डोकं फार दुखतं हो. इथलं पाणी मानवत नाही बहुतेक.”

“केव्हा दुखत नाही?”

मी विचार करून सांगितलं, “रविवारी.”

“मग पाणी नव्हे ते. पाणी रविवारी पण तेच येतं.”

अक्कांनी तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती, त्यातली बरीचशी तक्रारींच्या टेबलावर. ‘फोन बंद आहे’ हे वाक्य त्यांनी आयुष्यात इतक्यांदा ऐकलं होतं, की त्याला त्या माहिती मानतच नसत. “बंद आहे हे रागावलेला माणूस सांगतोच रे. चालू केव्हा असतो, ते त्याला विचारावं लागतं.” त्यांचं घराणं तीनशे वर्षांपूर्वी सातारच्या बाजूने खाली उतरलेलं. त्यांच्या मराठीत कानडी पार मुरलं होतं, आणि माझ्या मराठीबद्दल त्यांचं मत असं, की “तुमच्या पुण्याच्या बोलण्यात मीठ स्वल्प जास्त पडतं.” लग्न त्यांनी केलं नव्हतं. आज त्या नाहीत, आणि त्यांच्याविषयी लिहायचं तर मला माझ्या मूर्खपणाविषयी लिहिण्यावाचून गत्यंतर नाही.

अक्कांकडे वडिलांच्या काळातली एक गाडी होती. फिकट हिरवी, गोल पाठीची. अक्का ती स्वतः चालवत. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी त्या म्हैसूरला धाकट्या बहिणीकडे, कमलाअक्कांकडे जात. कमलाअक्कांची उजवी बाजू पक्षाघाताने गेली होती, बोलणंही एखाददुसऱ्या शब्दापुरतं उरलं होतं. या गाडीच्या पुढच्या सीटवर मात्र त्यांना नीट बसता येई. अक्का त्यांना तळ्याकाठी फिरवून आणत. महिन्याभरात कमलाअक्कांचं घराबाहेर पडणं तेवढंच.

गाडीचा दोष एकच. सकाळच्या गारठ्यात ती सुरू होताना खोकायची. चोक ओढायचा, दहा मिनिटं थांबायचं, मग निघायचं. मी महादेवपुऱ्याच्या एका कारखान्यात यंत्रांची इलेक्ट्रॉनिक नियंत्रणं बनवणाऱ्या विभागात होतो. माझ्या डोक्याखाली, म्हणजे अक्षरशः माझ्या खोलीच्या खाली, असं खोकणारं इंजिन असावं, हे मला सहन होईना. एका रविवारी मी अक्कांना व्याख्यान दिलं. कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा अंदाजाने मिसळणारं जुनं भांडं. त्याऐवजी फ्युएल इंजेक्शन बसवलं, की पंपाच्या दाबाने पेट्रोलचा अगदी मोजका फवारा उडतो, आणि तो किती उडवायचा हे एक छोटा संगणक ठरवतो. “गाडी पुन्हा कधी खोकणार नाही, अक्का!”

“खोकते म्हणजे आजारी आहे, असं कोण म्हणालं तुला?” अक्का म्हणाल्या. पण माझा चेहरा पाहून पुढे म्हणाल्या, “किती दिवस लागतील?”

“तीन आठवडे.”

तीन महिने लागले. अपघातात सापडलेल्या एका परदेशी गाडीचा इंजेक्टर मी भंगारबाजारातून आणला, नियंत्रणाचा सर्किट बोर्ड स्वतः बनवला, नवा पंप बसवला. मधल्या काळात अक्का बसने म्हैसूरला गेल्या, बहिणीजवळ घरातच बसून परत आल्या. त्याबद्दल मला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. मी मात्र ऑफिसात रोज एकाला गाठून माझ्या पराक्रमाची कथा ऐकवत होतो.

गाडी सुरू झाली तेव्हा खरोखर खोकली नाही. किल्ली फिरवताच मांजरासारखी गुरगुरली. मी आजूबाजूच्या चार घरांना बोलावून दाखवलं. पाचव्या दिवशी ती भर रस्त्यात बंद पडली. मिनिटाभराने आपोआप सुरू झाली. दोन दिवसांनी पुन्हा तेच.

मग माझी निदानं सुरू झाली. आधी मी पेट्रोलमध्ये भेसळ आहे म्हणालो. मग एक वायर सैल आहे म्हणालो. मग बोर्ड तापतो म्हणालो, आणि त्याला गार हवा मिळावी म्हणून डॅशबोर्डखाली एक छोटा पंखा लावला. त्यामुळे गाडी बंद पडली तरी अक्कांच्या पायांना वारा लागू लागला.

अक्कांनी एक लांबट वही काढली. गाडी बंद पडली की तारीख, वेळ, जागा आणि त्या क्षणी काय करत होतो, हे त्या लिहीत. शेवटचा रकाना माझा. त्यात मी पहिल्यांदा लिहिलं, ‘तपासले. ठीक आढळले.’

अक्कांनी ते खोडलं. “हे वाक्य माझ्या टेबलावर मी कुणाला लिहू दिलं नाही. काय सापडलं ते लिही. नाही सापडलं तर ‘सापडलं नाही’ लिही. त्यात लाज कसली?”

मला तर भरपूर लाज होती. माझ्याकडे पदवी होती.

महिन्याचा पहिला शनिवार आला. आदल्या संध्याकाळी अक्कांनी विचारलं, “उद्या नेऊ काय रे गाडी?” चार दिवस ती बंद पडली नव्हती. का पडली नव्हती, याचा मला पत्ता नव्हता. मी म्हणालो, “खुशाल न्या. आता अगदी ठीक आहे.”

रविवारी दुपारी त्या परतल्या. मी विचारायच्या आत त्यांनी वही पुढे केली. ‘शनिवार, सायंकाळी साडेपाच. म्हैसूर. सर्कलला वळसा घालताना. शेजारी कमला. मागे ट्रक.’

“ट्रकवाल्याने ब्रेक दाबला म्हणून वाचलो,” अक्का म्हणाल्या. “कमला फार भ्याली. घर येईपर्यंत माझा पदर सोडला नाही तिने. आता गाडीत बसणार नाही, अशी मान हलवते.”

मी वहीतली ती ओळ पुन्हा वाचली.

“ठीक आहे म्हणालास, तेव्हा ठाऊक होतं तुला?”

“नाही.”

“तेवढं म्हणाला असतास तर मी बसने गेले असते.” त्या उठल्या आणि आत जाऊन माझ्यासाठी कॉफी घेऊन आल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

कॉफीचा पेला माझ्या हातात देऊन त्या वही घेऊन समोर बसल्या. “बंद केव्हा पडते, ते तू तीन आठवडे बघतोस. आता केव्हा पडत नाही, ते बघू. सोमवारी, मंगळवारी कधीच पडलेली नाही.”

“सोमवारी काय असतं?”

“मी पेट्रोल भरते. टाकी काठोकाठ. दुसरं, सरळ रस्त्यावर पडत नाही. डावीकडे वळताना पडत नाही. हे बघ, नऊच्या नऊ वेळा सर्कलला वळसा घालताना, नाहीतर उजवीकडे वळताना. का, ते मला कळत नाही. मी टेलिफोनची बाई.”

मला मात्र कळलं. सर्कलचा वळसाही उजवाच, आणि गाडी उजवीकडे वळते तेव्हा टाकीतलं पेट्रोल डावीकडे सरकतं. ते ओढून घेणारी नळी टाकीच्या उजव्या अंगाला. टाकी अर्धी असली, की वळसा संपेपर्यंत नळीचं तोंड उघडं पडायचं आणि माझा पंप हवा ओढायचा. जुन्या कार्ब्युरेटरच्या पोटात घोटभर पेट्रोल शिल्लक असे, वळसा त्याच्यावर निभावून जाई. ते घोटभर पेट्रोल मी ‘जुनाट’ म्हणून काढून टाकलं होतं. हे अक्कांना दाखवायला मी हातातला पेला तिरका केला आणि अर्धी कॉफी वहीवर सांडली.

“कळलं,” अक्का पदराने वही टिपत म्हणाल्या. “पुरे.”

उपाय साधा होता. टाकी आणि मोठा पंप यांच्या मध्ये लिटरभराचा एक बंद डबा, आणि तो सतत भरता ठेवणारा एक लहान पंप. पुढच्या रविवारी, टाकीत जेमतेम पेट्रोल ठेवून, आम्ही शाळेच्या मोकळ्या मैदानावर गेलो. अक्कांनी उजवीकडे वळत गोल गोल फेऱ्या मारल्या. मी मध्ये उभा राहून मोजत होतो. वीस झाल्या. गाडी एकदाही अडखळली नाही. मी टाळ्या वाजवल्या. अक्का खाली उतरल्या, बॉनेटवर वही ठेवून त्यांनी कारण आणि उपाय लिहायला लावले, आणि खाली माझी सही घेतली.

मग म्हणाल्या, “छान झालं. आता हे सगळं काढ, आणि जुनं बसव.”

मला वाटलं, त्या थट्टा करताहेत.

“तू आज ना उद्या पुण्याला जाशील. म्हैसूरच्या वाटेवर रामनगरच्या पुढे ही बंद पडली तर तिथला मेकॅनिक तुझा संगणक उघडून काय पूजा करणार? जुनं असेल तर तो दहा मिनिटांत साफ करून देतो.”

“मग हे आधीच का नाही सांगितलंत? मागच्या रविवारीच काढलं असतं.”

“काढलं असतंस. आणि आयुष्यभर म्हणाला असतास, माझं यंत्र बरोबर होतं, म्हातारीने करू दिलं नाही. नाहीतर म्हणाला असतास, मला काही जमत नाही. दोन्ही खोटंच की रे.”

तीन महिन्यांची सुधारणा मी एका सकाळी उतरवली. जुना कार्ब्युरेटर मी टाकला नव्हता. माझ्या टेबलावर कागद उडू नयेत म्हणून ठेवला होता. तो बसवला आणि गाडी पहिल्यासारखी खोकू लागली.

पुढच्या महिन्याच्या पहिल्या शनिवारी अक्कांबरोबर मीही म्हैसूरला गेलो. माफी मागायला, असं मी ठरवलं होतं. वाक्यंसुद्धा जुळवून ठेवली होती. कमलाअक्का दाराशी खुर्चीत बसल्या होत्या. गाडी दिसताच त्यांनी डावा हात हलवून ‘नको’ म्हटलं आणि तोंड फिरवलं. मी वाक्यं सुरू करणार, तेवढ्यात अक्कांनी मला दंडाला धरून थांबवलं. त्यांनी बहिणीला काही समजावलं नाही. फाटकासमोर गाडी सुरू ठेवली आणि येऊन तिच्याजवळ पायरीवर बसल्या. दोघी इंजिनाचा जुना, ओळखीचा आवाज ऐकत राहिल्या. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मी उन्हात उभा.

मग कमलाअक्कांनी डावा हात बहिणीच्या खांद्यावर ठेवला आणि म्हणाल्या, “दार.”

मी धावत जाऊन गाडीचं मागचं दार उघडलं.

“पुढचं रे, इंजिनिअर,” इंदूअक्का म्हणाल्या, आणि कमलाअक्का तोंडाच्या एका बाजूने, मनापासून, मला हसल्या.