चाळीस फूट सरळ जागा

आर्किटेक्टच्या ऑफिसातली रद्दी दर दिवाळीला निघते. जुने नकाशे, नामंजूर नकाशे, मंजूर होऊनही कुणी न बांधलेले नकाशे, सगळं भंगारवाला घेऊन जातो. किस्से मात्र कुणी नेत नाही. सोलापुरातल्या आमच्या दोन खोल्यांच्या ऑफिसात मी ड्रॉइंगं काढत इतकी वर्षं काढली, की आता डोक्यात नकाशे कमी आणि किस्सेच जास्त झालेत. त्यातले बागेचे तेवढे सांगते. हसू आलं तर हसा, मला आता येत नाही.

*

शहराच्या पूर्व भागात, विणकरांच्या वस्तीत, एक लांबट मोकळी जागा होती. तिथं बाग करायचं ठरलं. उद्यान समितीचे अध्यक्ष पहिल्याच मीटिंगमध्ये आमच्या सरांना म्हणाले, "बाग बगितली की आपल्या लोकांची ओळख पटली पायजे."

सरांनी वही उघडली. "ओळख म्हणजे नेमकं काय दाखवायचं?"

एक सदस्य म्हणाले, चादर. दुसरे म्हणाले, शेंगाचटणी. तिसरे बराच वेळ विचार करून म्हणाले, "ऊन."

सरांनी तिन्ही लिहून घेतलं. पुढे बागेत सावली देणारं एकही झाड आलं नाही. म्हणजे तिसऱ्यांचं म्हणणं आम्ही तंतोतंत पाळलं.

*

जागेची मापं घ्यायला गेले, तेव्हा नरसय्यामामा भेटले. तेलुगू विणकर, वय सत्तरीच्या पुढं. त्या गल्लीत हातमाग चालवणारे ते एकटेच उरले होते. मागावर चढवायच्या आधी उभं सूत लांबवर ताणून त्याला खळ लावावी लागते. त्यासाठी त्यांना आठवड्यातून एक सकाळ चाळीस फूट सरळ जागा लागायची. ती हीच.

पुण्याहून आलेल्या कन्सल्टंटनी ते बघितलं आणि "ब्युटिफुल!" म्हणून वीस-पंचवीस फोटो काढले. त्यांच्या प्रेझेंटेशनच्या पहिल्या पानावर मामांचा फोटो होता. दुसऱ्या पानावर प्लॅन होता. बागेतली वाट नागमोडी, का तर म्हणे ती सुतासारखी वाहते.

मी तो कागद मामांना दाखवला. त्यांनी उलटा धरून पाहिला, सुलटा धरून पाहिला.

"ताई, सूत असं पडलं तर आमी त्याला गुंता म्हनतो."

मी सरांशी बोलले. सर माणूस वाईट नाहीत. भिंतीलगत चाळीस फुटांचा सरळ पट्टा मोकळा सोडायला ते तयार झाले. मी तो काढला आणि कॉम्प्युटरमध्ये त्या लेयरला 'मामा' असं नाव दिलं. मामांनी मला स्वच्छ सांगितलं होतं, "जागा गेली तर माग बंद हुतो बगा." मी म्हटलं होतं, "मामा, मी आहे ना." हे वाक्य मी बोलायला नको होतं.

*

गेटच्या आत, भिंतीशी, एक मोठा धोटा उभारायचा होता. धोटा म्हणजे मागावर आडवं सूत घेऊन इकडून तिकडे धावणारी लाकडी वस्तू, मधे पोकळ आणि दोन्ही टोकांना निमुळती. सरांनी मोठ्या हौसेनं त्याचं चित्र स्क्रीनवर दाखवलं.

अध्यक्ष खूश झाले. "नाव झकास हाय की. पन खाली पानी कुटं हाय?"

अध्यक्षांच्या आजोबांचा जन्म मागावर गेला होता, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. मी तोंड उघडलं, तर सरांनी टेबलाखाली माझ्या पायावर पाय ठेवला.

"पाणी पुढच्या ड्रॉइंगमध्ये दाखवतो," सर म्हणाले.

बाहेर आल्यावर मी भांडले. सर म्हणाले, "विणकराच्या नातवाला चारचौघांत सांगायचं का, की बाबा रे, ही होडी नाही?"

गेट हलवता येत नव्हतं, म्हणून धोटा हलला नाही, म्हणून तळं तिथंच आलं. माझ्या पट्ट्याच्या बरोबर मधे. इकडे पंधरा फूट उरले, तिकडे तेरा. मी 'मामा' नावाची लेयर डिलीट केली. कॉम्प्युटरनं विचारलं, नक्की ना? मी हो दाबलं.

*

मग पुतळा आला. मागावर बसलेला विणकर, फायबरचा, भरघोस मिशा, डोक्याला फेटा. मामा बघायला आले होते. दोन्ही बाजूंनी फिरून आले आणि मला हळूच म्हणाले, "ह्यो मागाच्या पल्याड कशाला बसलाय? कापड तर हिकडून विनतात."

मी मूर्तिकाराला विचारलं. तो म्हणाला, बरोबर बसवला असता तर रस्त्यावरून त्याची पाठ दिसली असती. अध्यक्षांना तोंड रस्त्याकडं हवं होतं.

मी हे मामांना सांगितलं. मामांनी मान डोलावली. "मग बराबर हाय. तिकडं बसून कापड निगत न्हाय, फोटो निगतो."

*

वाटेवर चादरीच्या नक्षीच्या टाइल्स बसवल्या होत्या. अगदी हुबेहूब, काठासकट. ती कल्पना माझी.

उद्घाटनाला वस्तीतल्या बायका आल्या आणि टाइल्सपाशी थबकल्या. पहिल्या आजीनं चपला काढल्या. अंथरलेल्या चादरीवर चपला घालून कोण जाईल? मग सगळ्यांनीच काढल्या. एप्रिलमधली दुपार, सावली नाही, टाइल्स तापलेल्या. बायका पदर सावरत, एका पायावरून दुसऱ्या पायावर उड्या मारत पलीकडे गेल्या.

भिंतीवरून फोटोग्राफर ओरडला, "नाचत या, नाचत या, छान दिसतंय!"

तो फोटो समितीच्या पत्रिकेवर छापला आहे. खाली लिहिलंय, आनंदोत्सव.

*

मामांनी एकदा प्रयत्न करून पाहिला. एका सकाळी त्यांनी तळ्याच्या अलीकडून पलीकडे, पाण्यावरून, चाळीस फूट सूत ताणलं. मधे खळ लावायला हात पोचेना, म्हणून धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उतरले.

वॉचमन करमाळ्याकडचा, नवा. त्याचा मला फोन आला. "मॅडम, एक म्हातारा तळ्यात उतरून दोऱ्या बांदतोय. तोडू का?"

मी म्हटलं, तोडू नको, मी येते. पोचेपर्यंत अध्यक्षांची गाडी येऊन गेली होती. गाठी सोडलेलं सूत पाण्यात पडलं होतं आणि मामा ते गोळा करत होते. मला बघून म्हणाले, "राहू द्या ताई. भिजलेलंच बरं, तोडलेलं न्हाय."

त्याच आठवड्यात समितीचं पत्र आलं, बोर्ड करून द्या. 'बागेत सूत, दोऱ्या व कपडे बांधण्यास मनाई आहे.' बागेचं नाव विणकर उद्यान. दोन्ही बोर्डांची अक्षरं मीच लावली. नावाला जरा मोठा फाँट घेतला, एवढंच.

मामांचा माग थांबला. ते अक्कलकोट रोडला एमआयडीसीत, टॉवेलांच्या कारखान्यात घड्या घालायला जाऊ लागले. मी त्या रस्त्यानं जायचं टाळते.

*

हा शेवटचा. बागेच्या कोपऱ्यात एक खोली रिकामी राहिली होती. अध्यक्ष म्हणाले, तिथं खरा हातमाग ठेवू, पोरांना बघायला मिळेल. खरा माग आणायचा कुठून? मामांचा बंदच होता. मागायला मलाच पाठवलं. मामा एवढंच म्हणाले, "जोडनार कोन? तुमच्या मानसान्ला जमनार न्हाय."

दोन दिवस सुट्टी टाकून ते आले. खोलीत पायांसाठी खड्डा खणून घेतला, माग उभा केला, घरात उरलेलं सूत त्यावर चढवलं. सगळं झाल्यावर खड्ड्यात पाय सोडून बसले. बसल्या बसल्या हात आपोआप धोट्याच्या दोरीकडे गेला.

दारातला वॉचमन खाकरला. त्यानं भिंतीवरच्या बोर्डाकडे बोट केलं. तोही माझाच. 'हातमाग. कृपया हात लावू नये.'

मामांनी तो अक्षर लावत लावत वाचला. तेलुगूत शिकलेला माणूस, मराठी वाचायला वेळ लागतो. मग हात मांडीवर ठेवला आणि माझ्याकडे वळून, अगदी मनापासून विचारलं,

"मग कसं ताई? निस्ता पायानं चालवायचा का?"