वायफायची राखण

त्या सोमवारी मेडशीत सकाळपासून आभाळ भरून होतं. पडत नव्हतं आणि उघडतही नव्हतं. वारा बंद. अंगातली बंडी पाठीला चिकटलेली. शेतात कापलेल्या सोयाबीनच्या सुड्या, म्हणजे गंज्या, लागल्या होत्या. त्यांच्यावर ताडपत्र्या ओढून लोक घरी येऊन बसले होते आणि ज्याची त्याची नजर वर होती. माझी नजर मात्र घरात, खिडकीजवळच्या खुंटीवर. तिथं आमचा वायफायचा डब्बा टांगलेला आहे.

किस्से कोणी ठरवून साठवत नाही. सोयाबीन काढलं की खळ्याच्या कडेला आपोआप भुशाचं कुटार साठतं, तसं घरात नवी वस्तू आली की तिच्यामागं हे साठत जातं. वायफाय येऊन दोन वर्षं झाली आणि आमच्या ओट्यावर आता याच गोष्टी चालतात. त्यातल्या काही सांगतो. सावकाश सांगीन, मला घाई जमत नाही.

मी सुखदेव. शाळेत गेलो नाही. मराठी अक्षरं म्हातारपणी सुनेनं गिरवून घेतली, इंग्रजी अजून येत नाही. मुलगा एस.टी.त कंडक्टर, दिवसभर बाहेर. सून प्रज्ञा घरी बसून पुण्याच्या एका कंपनीचं काम करते. दवाखान्यातल्या पेशंटांचे कागद कंप्युटरवर तपासायचे, असं ते काम आहे. आणि तीन वर्षांची नात. ती माझं काम.

*

वायफाय लागलं त्या आठवड्यात गल्लीतला एकेक जण यायला लागला. प्रज्ञा खोलीचं दार लावून कामात, ओट्यावर मी. जो येईल तो म्हणे, बाबा, पासवर्ड सांगा. मला वाचता येईना, आणि सुनेला दर वेळी उठवणं जिवावर येई. दोन दिवस विचार केला. तिसऱ्या दिवशी गल्लीत एका दुकानाची पाटी रंगवायला पेंटर आला होता. त्याला चहा पाजला आणि प्रज्ञाच्या कागदावरचा पासवर्ड ओट्याच्या भिंतीवर निळ्या रंगात, हातभर अक्षरांत लिहून घेतला. खाली त्यानं आपल्या मनानं एक फूलही काढलं.

मुलगा ड्युटीवरून आला आणि भिंतीसमोर पिशवी घेऊन उभाच राहिला.

"बाबा, कुलूप लावलं अन् चाबी दारावरच टांगली तुमी."

मी म्हटलं, "आपल्या बोअरचं पाणी सारी गल्ली भरते. त्याले कधी कुलूप लावलं का?"

तो हातपाय धुवायला गेला. 

*

यंदा दसऱ्यानंतर कंपनीचा मेल आला. पेशंटांचे कागद बाहेर फुटू नयेत म्हणून घरून काम करणाऱ्या प्रत्येकाचं नेटवर्क तपासणार. फायरवॉल लागलेली पाहिजे आणि वायफायवर घरच्यांखेरीज कोणी नको. तपासणीत पास, तर घरून काम चालू. नापास, तर पुण्याला ऑफिसात यायचं.

प्रज्ञा गेली की नात जाणार. नात तेव्हा माझ्या ताटातली भाकर कुस्करून स्वतःच्या दुधात टाकत होती.  माझी अर्धी भाकर तशीच राहिली.

प्रज्ञानं मला समजावलं. मी तीस वर्षं लोकांच्या शेतात राखण केलेली, माळ्यावर बसून गोफणीनं पीक खाणारे रोही हाकलले, त्यामुळे तिनं त्याच भाषेत सांगितलं. फायरवॉल म्हंजे राखणदार. ओळखीचा असल तरच आत घेते, अन् आतलं काही बाहेर निघून राह्यलं तरी पाह्यते.

"झोपते का?" मी विचारलं.

"नाही बाबा."

"तंबाखू खाते?"

"नाही."

"मंग माह्यापेक्षा चांगला हाये. लाव."

*

लावायच्या आधी प्रज्ञानं डब्ब्याची यादी उघडली. आपल्या वायफायवर कोण कोण आहे ते त्यात दिसतं म्हणे. आम्ही घरात मोठी तीन माणसं आणि एक कंप्युटर. यादीत तेवीस नावं!

प्रज्ञा एकेक नाव वाचत गेली आणि तिचा आवाज बारीक होत गेला. त्यात गल्लीतले मोबाईल होते, समोरच्या घरचा टीव्ही होता, आणि एक तर कॅमेरा निघाला. तो गल्लीच्या टोकाच्या पिठाच्या गिरणीतला. गिरणीवाला गुलाबराव शेतात बसून मोबाईलवर गिरणी पाहायचा, हे साऱ्यांना माहीत होतं. ते आमच्या डब्ब्यावर चालतं, हे आम्हालाच माहीत नव्हतं.

"बाबा, एक बटन दाबलं की सगळे बाहेर," प्रज्ञा म्हणाली, आणि तिचं बोट पुढं गेलं.

"थांब बाई," मी म्हटलं. "माणसाले तोंडावर सांगावं, मंग दार लावावं. मले तीन दिवस दे."

तिनं कंपनीची तारीख पाहिली, बोटांवर दिवस मोजले आणि दिले.

*

मग मी घरोघर निघालो. यादीत मोबाईलची कसली कसली नावं, त्यामुळे मी यादी घरीच ठेवली आणि सरळ प्रत्येक दारात गेलो. जयभीम झाला की बसायचं, चहा यायचा, तो संपला की सांगायचं. बापू, आपलं वायफाय बंद होऊन राह्यलं. सुनेच्या नोकरीचा सवाल हाये. कोणी विचारलं, आमचं काही चुकलं का बाबा? त्याला पुन्हा पहिल्यापासून सांगायचं. एका दिवसात अकरा चहा झाले. दुसऱ्या दिवशी प्रज्ञानं घरचा चहा बंद केला.

गुलाबराव अडून बसला. गिरणी नोकरावर टाकून तो शेतात जातो, कॅमेरा बंद झाला तर गिरणीकडे पाहणार कोण?

"मी पाह्यतो," मी म्हटलं.

तीन दिवस दुपारभर गिरणीत स्टूल टाकून बसलो. नातही सोबत, पिठानं पांढरी. गुलाबराव शेतातून फोन करायचा, "कोण आलं गा बाबा?" मी सांगायचो, पाच किलो ज्वारी आली. पुन्हा फोन. कोणी नाही, बकरी आली. पुन्हा फोन. मग मी आलेल्या माणसाच्या घरचंही सांगायला लागलो, कोणाची पोरगी बाळंत झाली, कोणाचा गुडघा धरला. तिसऱ्या दिवशी गुलाबराव स्वतःच गिरणीत आला आणि स्टुलाशेजारी पोत्यावर बसला.

"बाबा, कॅमेऱ्यात आवाज नव्हता. मले माहीतच नव्हतं माह्या गिरणीत एवढं काही होते."

*

सगळ्यात शेवटी वच्छलाबाईकडे गेलो. मुद्दामच शेवटी.

वच्छलाबाईचं घर आमच्या भिंतीला लागून. तिचा पोरगा संतोष दरवर्षी बायकोपोराला घेऊन वीटभट्टीवर जातो, यंदा दसरा झाला तसा लगेच गेला. रोज दिवेलागणीला वच्छलाबाई आमच्या ओट्याच्या पायरीवर बसायची आणि मोबाईलवर नातवाला पाहायची. तो पोरगा तिकडून तिला दात दाखवायचा. माझी नात मध्ये डोकं घालून त्याला जीभ दाखवायची. दोन वर्षं असं चाललं होतं.

ती सुपात तूर निवडत होती. मी सगळं सांगितलं. तिनं मान वर केली नाही. मी सांगितलं की एक महिना गेला की गल्लीसाठी वेगळी वाट काढून देता येते असं प्रज्ञा म्हणते, पण तोपर्यंत कंपनी कोणालाच घेऊ देत नाही.

"बरं," ती म्हणाली.

 सुपातले खडे एका बाजूला पडत होते. साऱ्या गल्लीत त्या एका घरी मला चहा मिळाला नाही.

*

फायरवॉल लावायला प्रज्ञाला एक अख्खा रविवार लागला. डब्ब्याचा मूळ पासवर्ड बदलला, वायफायचा बदलला, कोणाला घ्यायचं त्याची यादी केली. मग डब्ब्यालाच काही नवं शिकवायचं होतं. ते चालू असताना अर्धा तास लाईट जाता कामा नये, गेली तर डब्बा कामातून जाईल, असं ती म्हणाली.

मेडशीत अर्धा तास लाईट जाऊ नये, ही काही सोपी मागणी नाही. मी काठी घेतली आणि लाईनमनच्या घरी गेलो. तो जेवत होता. मी सगळं सांगितलं. तो घास हातात धरून माझ्याकडे पाहत राहिला.

"बाबा, चौदा वर्षं झाली नोकरीले. लाईट गेल्यावर बोलाले सारे येतात. जायच्या आधी सांगाले तुमी पहिले आले."

त्या दुपारी लाईट गेली नाही. तो माझा पायगुण होता का लाईनमनची कृपा, ते माहीत नाही. येताना चुना आणला आणि भिंतीवरचा पासवर्ड पुसला. दोन हात मारले तरी निळं दिसत होतं, तिसऱ्या हाताला गेलं. फूल राहू दिलं.

*

आता तो सोमवार. आभाळ भरलेलं, हे सांगितलंच.

अकरा वाजता पुण्याच्या मॅडम कंप्युटरवरून तपासणी करणार होत्या. दहालाच गुलाबराव आला.

"बाबा, माह्या मोबाईलचा भरोसा नाही. आपोआप लागते हे. तुमच्यापाशीच ठेवा, काम झालं का नेतो."

ओट्यावर माझी खाट होती, तिच्यावर त्यानं मोबाईल ठेवला. त्याचं पाहून दुसरा आला, तिसरा आला. बाया पदरात झाकून घेऊन आल्या. पोरीची नोकरी जाऊ नये, आपल्यापासून काही व्हाले नको, असं जो तो म्हणे आणि ठेवून जाई. वच्छलाबाईही आली. मोबाईल खाटेच्या कडेला ठेवला आणि न बसता गेली. सतरा मोबाईल झाले. मी त्यांच्यावर पंचा पांघरला आणि शेजारी राखणीला बसलो.

खाट खिडकीला लागून होती. आत, हातभर अंतरावर, डब्बा.

अकराला तपासणी सुरू झाली. थोड्या वेळानं प्रज्ञा कानाला हेडफोन तसाच ठेवून दारात आली. तिचा चेहरा उतरलेला. तिनं खाटेकडे पाहिलं, पंचा उचलला आणि कपाळाला हात लावला. एकानंही मोबाईल बंद केला नव्हता. सारे चालूच! गल्लीभर पसरलेले होते, ते मी एका जागी, डब्ब्याच्या तोंडाशी आणून ठेवले होते.

मी पंचा हातात घेऊन उभा राहिलो. नातीकडे पाहवेना.

तिच्या कानात मॅडम विचारत होत्या, तुमच्या नेटवर्कवर इतके जण सारखे यायचा प्रयत्न करताहेत, काय चाललंय तिथं? खोटं बोलायचं प्रज्ञाला येत नाही. तिनं सांगितलं, मॅडम, गल्लीनं आपले मोबाईल माझ्या सासऱ्यांकडे राखायला दिले आहेत.

 मग मॅडम बोलल्या, ते प्रज्ञानं मला नंतर जसंच्या तसं सांगितलं.

"अठरा जण तासभर दार वाजवत आहेत आणि एकही आत आलेला नाही. मला स्वतःला एवढी कडक टेस्ट घेता आली नसती. पास."

गल्लीत पेढे कोणी वाटले नाहीत, पण गुलाबरावनं त्या दिवशी आमचं दळण आधी दळून दिलं.

*

राहता राहिला तो अठरावा. खाटेवर तर सतराच होते.

प्रज्ञानं यादी काढली. अठरावं नाव संतोष. पण संतोष वीटभट्टीवर, त्याचा मोबाईल त्याच्याजवळ. मग तिनं माझ्या बंडीच्या खिशाकडे पाहिलं. माझा मोबाईल मी गेल्या वर्षी संतोषकडूनच जुना घेतला होता, त्यात नाव त्याचंच राहिलेलं. रविवारी प्रज्ञानं गल्लीतला समजून तोही बाहेर काढला होता.

तिला फार वाईट वाटलं. आताच जोडून देते बाबा, म्हणाली. मी म्हटलं, राहू दे. गल्लीसाठी वाट निघल तेव्हा त्यांच्यासोबत माहं बी जोड.

संध्याकाळी ओट्यावर बसून मी भीमगीतं लावत असे. ती बंद झाली. एक दिवस गेला, दुसरा गेला. पलीकडे वच्छलाबाई आपल्या पायरीवर बसून रिचार्जच्या नेटवर नातवाला पाहायची. चित्र मध्येच अडकायचं, पोराचं तोंड उघडं ते उघडंच राहायचं. ती माझ्याकडे पाहत नव्हती. मी समोरच्या झाडांकडे पाहायचो.

गुरुवारी दिवेलागणीला ती उठली आणि आमच्या ओट्यापाशी येऊन उभी राहिली. मोबाईल बिघडला का, गाणे काहून बंद हायेत, असं तिनं विचारलं. मी सांगितलं, बिघडला नाही, सुनेनं साऱ्यांचं बंद केलं त्यात माहं बी गेलं.

तिनं माझ्या हातातला मोबाईल घेतला. उजेडाकडे धरून उलटा सुलटा पाहिला, परत माझ्या हातात दिला आणि पायरीवर बसली.

"मंग ठीक हाये बाबा. आठ दिवसांपासून मले तुमचा राग आलता. आता गेला."