चार गावांची एक पेटी

अकोट तालुक्यातल्या आमच्या चार ग्रामपंचायतींनी मिळून एक शवपेटी घेतली. प्रेत गार ठेवणारी, विजेवर चालणारी. एकट्या पंचायतीला ती झेपत नव्हती. मी त्यांतल्या एका गावची ग्रामसेविका. दरपत्रकं माझ्याच टेबलावर उघडली. तेवढ्याच पैशांत दोन साध्या येत होत्या, नाहीतर बॅटरीवाली एक. आमच्याकडे विजेचा भरवसा नाही, म्हणून मी बॅटरीवालीवर अडून बसले.

एक सरपंच म्हणाले, "मॅडम, दोन घ्या. एकीनं नाई भागत."

मी फटकन म्हणाले, "एकाच दिवशी दोघं कशाला मरतील हो?"

सगळे हसले. ठराव झाला.

पेटी ठेवून घ्यायला मात्र एकही गाव तयार नव्हतं. "मरण कोन दारात बांधून ठेवते जी?" शेवटी ती कार्यालयात माझ्या खुर्चीमागे आली. मी तिच्यावर फायली ठेवायचे.

गेल्या मे महिन्यात सकाळीच शेजारच्या गावात मयत झाली, पेटी तिकडे गेली. तासाभरात आमच्या गावातला भाजी विकणारा म्हातारा गेला. एकुलती लेक धारणीकडे दिलेली. तिचा फोन आला, "मी येऊन राहिली. तोवर बाबाले ठेवा. मले तोंड पाहू द्या."

अकोटात विचारलं, तिथलीही पेटी बाहेर. बर्फाच्या लाद्या आणवल्या, दुपारपर्यंत त्यांचं पाणी झालं. तिची जीप घाटात बंद पडली, मग फोनही लागेना. चारच्या सुमारास वास सुटला आणि जाणते म्हणाले, "उचला आता." थांबा, असं मी म्हणाले नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार?

ती दिवेलागणीला पोचली. मला वाटलं, शिव्या देईल. द्यायलाच हव्या होत्या. माझ्याजवळ येऊन तिनं एवढंच विचारलं, "मॅडम, तुमी होत्या ना इथं? कसा दिसे माह्या बाबाचा चेहरा?"

दिवसभर मी म्हाताऱ्याच्या ओसरीत होते. बर्फ, फोन, माणसं, धावपळ. चेहऱ्याकडे मी एकदाही पाहिलं नव्हतं.

"शांत होता," मी म्हणाले.

आता ती घर नावावर करायच्या कामानं कार्यालयात येते. समोर बसते, माझ्या पाठीशी ती पेटी असते. कागद राहतात बाजूला. "मॅडम, डोये मिटले होते ना?"

मी हो म्हणते. दर वेळी थोडं जास्तच सांगते.