जात बघितल्याबिगर जोड न्हाय

नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं न्हाय, म्हणून मी घेत न्हाय. पण काकतीत रस्त्याकडंला पत्र्याची एक शेड हाय, आणि बेळगावापासनं निपाणीपतोर सगळे मोटारवाले तिला भरमाण्णाची शेड म्हणत्यात. तवा तुमचं तुम्ही समजून घ्या. मी राजाबाई, त्यांची बायको. लगीन झाल्यापासनं त्या माणसासंगं डोकं फोडून घेतीय.

बेळगावच्या कॅम्पातल्या मिल्ट्रीच्या कारखान्यात ते गॅसची झाळ मारायला, म्हंजे लोखंड वितळवून जोडायला शिकले. शिकले ते शिकले, संगट एक खूळ घेऊन आले. कसलंबी लोखंड हातात आलं की आधी त्याची जात बघायची. बिडाची, म्हंजे वतीव लोखंडाची जात येगळी, पोलादाची येगळी, आणि ते पांढरं, गंज न चढणारं स्टेनलेस असतंय, त्याच्यात म्हणे आणि पोटजाती. मोडक्या मोटारीतलं चुंबक सदा खिशात. ते लावून बघायचं. मग कानशीनं घासून मोरचुदाचं पाणी टाकायचं, तांबूस डाग उठला तर साधं लोखंड. मग फिरत्या दगडावर धरून ठिणग्या बघत बसायचं. तवर गिऱ्हाईक उन्हात उभं. "जात बघितल्याबिगर जोड न्हाय," हे त्यांचं पालुपद. बघा की, कोण नको म्हणतंय? पण किती बघाल? माझ्या पायातल्या जोडव्यांस्नी आणि देवाच्या घंटीलाबी चुंबक लावून बघितलेला माणूस हा.

जर्मनच्या लढाईच्या दिवसांत आमच्या जयाचं लगीन ठरलं. निपाणीचं स्थळ. पोरगा शामू तंबाखूच्या वखारीत कामाला, बाप नागोजी शांत माणूस, घरात कुणाचा आवाज चढायचा न्हाय. जया एकदा बघून आली त्या पोराला देवळात, आणि तवापासनं भाकरी करताना गुणगुणायला लागली. एवढं चांगलं चाललेलं बघून मलाच भ्या वाटायचं.

लगीन निपाणीला, त्यांच्या दारात, दुपारच्या मुहूर्तावर. वऱ्हाड न्यायला मारुतीरावाची सर्विस मोटार. पेट्रोल मिळंना म्हणून त्यानं मोटारीच्या मागं कोळशाची भट्टी बसवून घेतलेली, तिच्या गॅसवर मोटार पळायची. आणि नेमकी लग्नाच्या तोंडावर त्या मोटारीची धुराची नळी फुटली. ती नळी बायकांच्या बाकाखालनं जाती. धूर मोटारीत शिरला तर माणूस बसल्या जागी झोपतंय आणि परत उठत न्हाय, असं आमच्या मालकांचं म्हणणं. खरंबी असंल. पण त्यासाठनं बापानं लेकीच्या हळदीला पाठ फिरवायची?

मारुतीराव कॅम्पातल्या लिलावातनं दोन पांढऱ्या नळ्या घेऊन आला. चकचकीत, कुठल्या पडलेल्या इमानाच्या म्हणे. "ह्या जोडून दे, भरमाण्णा. उद्या पहाटं वऱ्हाड घेऊन निघू," म्हणाला. झालं. मालकांनी चुंबक काढलं. एका नळीला ते चिकटलं. दुसरीला चिकटलं न्हाय, पण जिथं ती वाकवलेली हुती तिथं जरा वडल्यागत झालं. एकाच नळीत दोन जाती कशा, म्हणून हे डोकं धरून बसले. इकडं घरात जयाला हळद लागतीय, बायका गाणी म्हणत्यात, बापाला बोलवा म्हणत्यात, आणि बाप म्हशीच्या खुराला लावायला ठेवलेलं माझं मोरचूद उचलून शेडकडं पळाला.

मी दोनदा बोलवायला गेले. पहिल्यांदा म्हणाले, "आलो." दुसऱ्यांदा तेबी म्हणाले न्हाईत. ठिणग्यांकडं असं टक लावून बघत हुते की मला वाटलं, ह्यांची सोयरीक ठिणग्यांसंगंच लावून द्यायला पायजे हुती.

दिवस कलताना नवऱ्यामुलाचा मामा परशराम आला. बेळगावातनं बाशिंगं घेऊन परत निघालता, वऱ्हाड कवा येतंय ते इचारावं म्हणून काकतीला उतरला. मी लांबनं बघितलं, शेडच्या पत्र्यामागं जरा उभा राह्यला आणि आत न जाताच माघारी वळला. "मामा, च्या घेऊन जावा," म्हणून हाक मारली तर वळूनसुदिक बघितलं न्हाय. बाशिंगं काखंत मारून मिळंल ती मोटार धरून गेला. मला राग आला. म्हटलं, काय पाव्हणं तरी ही, मानापानाला कुठं कमी पडलं की काय.

पत्र्यामागनं त्यानं काय ऐकलं, ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. आत मारुतीराव म्हणत हुता, "अरं दोन्हीबी सारखीच दिसत्यात की. जोडून टाक आणि मोकळा हो."

आणि आमचे मालक वरडत हुते, "दिसायला सारखी असून काय करू? जात एक न्हाय. जात जुळत न्हाय, मी जोड करणार न्हाय. कुणीतरी फसवून गळ्यात बांधलंय तुझ्या. आज जोडलं तर म्हैन्यात फुटंल, आणि लोक माझ्या नावानं शिमगा करतील."

आता तुम्हीच सांगा, दारात लगीन असताना कुठला शाणा माणूस असं तोंड वासून बोलतो?

शेवटी त्यांनी काय केलं, तर चिकटणारी नळी फेकून दिली. दुसरीच्या वाकवलेल्या आणि सरळ भागाच्या ठिणग्या सारख्याच पडल्या, तवा जात एकच, वाकवल्यानं चुंबक वडतंय, असं त्यांनी ठरवलं. मग बाकाखालच्या वळणाला बसतील असे तिचेच दोन तुकडे करून, तिचीच पट्टी कापून झाळंत भरली. हे सगळं हुईस्तवर पहाट गेली, ऊन वर आलं. मी मोटारीत चढताना म्हटलं, "लेक तुमची का मारुतीरावाची?" तर म्हणाले, "खिडक्या उघड्या ठेव."

मोटार निपाणीला पोचली तर मांडवात वाजंत्री न्हाय. बायका आत, दार लावलेलं. नागोजी मांडवाच्या तोंडाशी उभा, तोंड काळंठिक्कर. जया माझा हात धरून हुती. 

"आलासा कशाला?" नागोजी म्हणाला. "जात जुळत न्हाय म्हणालासा न्हवं काल?"

"कुणाची जात?" आमचे मालक. अंगावर काजळी तशीच, फेटा तेवढा नवा.

"माझ्या आईची. ती आमच्या जातीची नव्हती, हे तुमास्नी कुणी सांगिटलं, तेवढं तरी सांगा. जल्मभर झाकलं आम्ही."

मारुतीराव हसत पुढं आला. "अवं पाव्हणं, ते नळीचं बोलणं हुतं, मोटारीच्या धुराच्या नळीचं," म्हणाला. आणि म्हणता म्हणता त्याचं हसू गेलं. नागोजीनं काय बोलून टाकलं, ते सगळ्या मांडवानं ऐकलं हुतं. नागोजीलाबी कळलं. तो खांबाला धरून खालीच बसला. ज्याच्यावर कुणी बोट ठेवलं नव्हतं, ते त्यानं आपल्याच तोंडानं उघडं केलं.

आमची भावकी उठायला लागली. एक म्हातारा म्हणाला, चला, हिथलं पाणीबी नको. जयानं माझा हात सोडला आणि तोंडावर पदर घेतला. मी मालकांकडं बघितलं.  हा माणूस लोखंडाच्या तुकड्याची जात बघितल्याबिगर हात लावत न्हाय, आणि हिथं तर पाव्हण्यानं सोताच्या तोंडानं सांगिटलं हुतं.

हे नागोजीच्या म्होरं उकिडवे बसले. काम आणल्यावर गिऱ्हाइकाला इचारत्यात तसंच इचारलं, "तुमच्या आई-आप्पांचं किती दिस चाललं?"

"आप्पा जाईपतोर."

"मधी कधी फुटलं?"

"भांडायची लई दोघं," नागोजी म्हणाला. "पण फुटलं न्हाय. आप्पा गेल्यावर आई वरीसभर तेवढी राह्यली."

"मग मला काय इचारताय," हे म्हणाले. "चांगला जोड हाय." आणि उठून भावकीला सांगिटलं, "ज्यास्नी जायाचंय त्यांनी चालत जावा. मोटार लगीन झाल्याबिगर हालणार न्हाय."

कुणी हाललं न्हाय. आतल्या बायकांनी दार उघडलं. शामू मुंडावळ्या बांधून कवाचा दाराआड उभा हुता म्हणं. नागोजी मातूर उठंना. फेट्याच्या शेवानं डोळं पुसत लहान पोरागत रडायला लागला.

आमच्या मालकांनी त्याला बखोटीला धरून उठवलं. "आता रडत काय बसलासा, पाव्हणं," म्हणाले, "मुहूर्त चाललाय."

मुहूर्त चाललाय म्हणे. आदल्या दिवसापासनं मी दुसरं काय बोंबलत हुते?