कांबळ्याची गाळणी

लष्करी गाड्यांच्या वर्कशॉपमधल्या त्या हवालदार मेकॅनिकला सगळे खटपट्या म्हणत. बिघडलेली वस्तू दिसली की त्याचे हात शिवशिवायचे. सरहद्दीकडच्या रस्त्यावर पिठासारखी धूळ. दोन दिवसांत ट्रकचा एअर फिल्टर चोंदायचा आणि इंजिन दमेकऱ्यासारखं धापा टाकायचं. खटपट्यानं भंगारात काढलेलं एक लोकरी कांबळं घरी नेलं आणि बायकोकडून फिल्टरच्या तोंडावर चढवायची पिशवी शिवून घेतली. तोच फिल्टर मग दहा दिवस टिकला.

तो मेजरसाहेबांकडे गेला. साहेबांनी पिशवी चिमटीत उचलली.

"हे नियमपुस्तकात आहे?"

"नाही साहेब. पण चालतंय."

"पुस्तकात नाही, तर चालतंच कसं?"

सरकारी गाडीत परस्पर फेरफार केल्याबद्दल खटपट्याला लेखी ताकीद मिळाली.

"शिवली मी, अन् नाव तुमचं एकट्याचंच?" कागद वाचून बायको म्हणाली.

पुढे वरून हुकूम सुटला: महिनाअखेर प्रत्येक तुकडीनं एक नवा शोध सादर करावा. मेजरसाहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. ताकिदीची फाइल त्यांनी स्वतः हुडकून काढली. पाच अधिकाऱ्यांची समिती बसली. पिशवीचं बारसं झालं: 'बहुस्तरीय धूळरोधक प्रणाली'. पण नाव बदललं तरी दिसायला ती पिशवीच. म्हणून समितीनं तिला हिरवा ऑइलपेंट फासायचं ठरवलं.

"साहेब, रंगानं लोकर बुजेल. हवा आत जाणार नाही."

"तुला कोणी विचारलंय?"

खरंच, विचारलं कोणीच नव्हतं. रंगाचे दोन हात चढले.

प्रात्यक्षिकाला मोठे साहेब आले. ट्रक सुरू झाला, पन्नास पावलं गेला, काळा धूर ओकला आणि बरोबर मंचासमोर बंद पडला. मोठ्या साहेबांना वाटलं, एवढंच दाखवायचं असेल. त्यांनी टाळ्या वाजवल्या. मग सगळ्यांनीच वाजवल्या. आठ जवानांनी ट्रक ढकलत नेला. दूरदृष्टीबद्दल मेजरसाहेबांना प्रशस्तिपत्र मिळालं. चौकशीत दोष निघाला तो 'मूळ कल्पनेचा'.

खटपट्या घरी आला तो ताटावरून तसाच उठला. पाचव्या दिवशी एक ड्रायव्हर दारात उभा.

"वहिनी, बिनरंगाची एक शिवून द्याल का?"

मग दुसरा आला, तिसरा आला. बायकोचं मशीन थांबेना. तपासणीच्या आदल्या दिवशी पिशव्या गुपचूप उतरत आणि साहेबांची पाठ वळली की पुन्हा चढत. कडक शिस्तीमुळे इंजिनांचं आयुष्य वाढलं, असं वर्षअखेरच्या अहवालात छापून आलं.

खटपट्याच्या डोक्यात पुढेही बरंच काही येई. ते ड्रायव्हरांच्या पलीकडे जात नसे.

"नवीन काही सुचतंय का रे?" एकदा मेजरसाहेबांनी विचारलं.

"नाही साहेब."

साहेब खूश झाले. त्याच्या त्या वर्षीच्या शेऱ्यात त्यांनी लिहिलं, 'वर्तनात लक्षणीय सुधारणा.'