आमच्या गल्लीत भारतीय शून्य

हातातला कप आधी खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा एका पाहुण्यांनी आमचा सोफा भिजवला होता, आणि तो डाग अजून गेलेला नाही. फजिती माझीच आहे, हे सुरुवातीलाच कबूल करते. पण राग मात्र मला अजूनही येतो. कोणाचा, ते ऐकता ऐकता कळेलच.

तर माझी नोकरी काय, तर मी टोकियोत बसून अमेरिका मोजते. हसू नका! जपानी कंपन्यांना अमेरिकेत कारखाना काढायचा असला की आधी जागा बघतात. तिथे काउंटी असते, आपल्या जिल्ह्यासारखी. त्या काउंटीत माणसं किती, त्यातली म्हातारी किती, शाळकरी किती, कोण शेतात राबतं, कोण कामाला तासभर गाडी हाकत जातं, हे सगळं सरकारी आकड्यांतून काढायचं आणि तक्ते करून बॉससमोर ठेवायचं. लग्नाआधी मी पुण्यात कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायचे, त्यामुळे हे काम मला मनापासून आवडतं.

त्या वर्षी माझ्याकडे एक दक्षिणेकडची काउंटी होती. नाव सांगत नाही, ऑफिसचा नियम आहे. पण मला ती तोंडपाठ! पोरं शाळा संपली की गाव सोडतात, मागे म्हातारे उरतात, कोंबड्यांच्या कारखान्यात बाहेरून आलेली माणसं राबतात, आणि त्यांच्या पोरांनी शाळा पुन्हा भरायला लागल्यात. तिथे मी आयुष्यात पाऊल ठेवलेलं नाही, पण तिथल्या कुठल्याही चौकात मला उभं केलं असतं तर कोण कुठे निघालंय ते मी सांगितलं असतं.

फक्त एका रकान्याने माझं डोकं फिरायचं. ‘उत्तर दिलं नाही.’

“अरे, दार उघडायला काय जातं ह्यांचं?” मी जेवताना महेशला सुनवायचे. महेश म्हणजे माझा नवरा. इथल्या एका संस्थेत संशोधक आहे, आणि घरात श्रोता. “चार प्रश्न असतात! मोजणारा बिचारा उन्हात दारात उभा, आणि हे शहाणे आत पडद्याआड लपून बसणार! आणि उद्या दवाखाना नाही म्हणून बोंब मारायला हेच पुढे!”

“बरोबर आहे. भाजी वाढ,” महेश म्हणायचा.

माझं ते वाक्य तेवढं लक्षात ठेवा.

आता दुसरी गोष्ट. २०११ चा भूकंप झाला तेव्हा आम्ही टोकियोतल्या फुनाबोरी भागात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. महेश कामावर, गाड्या बंद, फोन लागेना. दोन वर्षांच्या ईराला कडेवर घेऊन मी जवळच्या शाळेच्या हॉलमध्ये जाऊन बसले. तिथे कोणीतरी मायेने हातात भाताचा गोळा ठेवला. आत मासा! आम्ही पक्के शाकाहारी. ईराने तो थुंकला आणि भोकाड पसरलं. शेवटी एका अनोळखी आजीबाईंनी पर्समधून केळं काढून दिलं तेव्हा ती गप्प झाली. महेश चालत चालत घरी पोचेपर्यंत माझ्या पोरीच्या पोटात एक केळं होतं. ते मी विसरलेले नाही.

म्हणून पाच-सहा वर्षांनी, जरा स्थिरस्थावर झाल्यावर, मी वस्तीच्या मंडळाला पत्र लिहिलं. इथे प्रत्येक वस्तीचं असं मंडळ असतं. उत्सव, सफाई, कचऱ्याची शिस्त, भूकंपाची तयारी, सगळं तेच बघतं. लिहिलं, की शाळेच्या कपाटात संकटकाळासाठी अन्न ठेवता, त्यात बिनमाशाच्या भाताची पाकिटंही ठेवा, आमच्या दोन इमारतींत बरीच भारतीय कुटुंबं आहेत. ईराच्या शाळेतल्या बाईंकडून पत्र तपासून घेतलं. आठवडा गेला, दुसरा गेला. उत्तर नाही!

“बघितलंस? आपण इथे खिजगणतीतच नाही!” मी महेशला म्हटलं.

“बरोबर आहे,” महेश म्हणाला.

आणि मग एका शनिवारी सकाळी बेल वाजली.

दाराजवळच्या छोट्या स्क्रीनवर पाहिलं, तर एक म्हातारा. निळं, बिनबाह्यांचं जाकीट, गळ्यात ओळखपत्र, हातात आपण परीक्षेला न्यायचो तसलं पॅड. मला पाहून, म्हणजे कॅमेऱ्याला पाहून, तो कमरेत वाकला. मग त्याने खूप लांबलचक आणि अतिशय अदबशीर जपानी सुरू केलं. माझं ऑफिस इंग्रजीत चालतं, माझं जपानी भाजीवाल्यापुरतं. त्यामुळे प्रस्तावना डोक्यावरून गेली. प्रश्न मात्र स्वच्छ कळले.

घरात किती माणसं? वयं काय? काम काय करता?

दिवसा घरी कोण असतं?

दिवसा घरी कोण असतं! आता तुम्हीच सांगा, हे कोण विचारतं? चोर विचारतो!

“इरिमासेन!” मी ओरडले. म्हणजे ‘नको’. भाजीवाल्याकडे हाच शब्द मी सगळ्यात जास्त वापरते.

म्हातारा पुन्हा वाकला आणि गेला. दुसऱ्या शनिवारी पुन्हा हजर. मग एका संध्याकाळी. मग टपालपेटीत एक कागद टाकून गेला. ईराने तो उचलला. ती आता दुसरीत, जपानी फाडफाड वाचणारी.

“मामा, दोरोबो जानाई यो,” ती म्हणाली. आई, चोर नाहीये गं तो. “ह्यात लिहिलंय की...”

“तू गप्प बस! चोर काय ‘मी चोर आहे’ असं छापून वाटतो का?”

आणि तो कागद मी कचऱ्यात टाकला. तोसुद्धा नियमाप्रमाणे, कागदाच्या वेगळ्या पिशवीत.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण समाजाचं ऋण म्हणून काही असतं की नाही? आमच्या दोन्ही इमारतींतल्या भारतीय घरांचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यावर मी टाकलं:

‘सावधान! निळं जाकीट घातलेला एक म्हातारा घरोघर फिरतो आहे. घरात माणसं किती, दिवसा कोण असतं, असं विचारतो. फार गोड बोलतो, वाकून नमस्कार करतो. फसू नका. दार उघडू नका. सर्व बंधुभगिनींना पुढे पाठवा.’

अंगठ्यांचा नुसता पाऊस! समोरच्या इमारतीतली सुजाता, माझी जिवलग मैत्रीण, तिने तर फोन केला.

“अगं, आत्ताच आला होता! मी गॅसच बंद केला. म्हटलं कुकरची शिट्टी ऐकली तर कळेल घरात आहे म्हणून. दहा मिनिटं जमिनीवर बसून होते!”

“शाब्बास!” मी म्हटलं. मला अगदी कृतकृत्य वाटलं.

दीडेक महिन्याने शाळेत भूकंपाची कवायत होती. सगळी वस्ती हॉलमध्ये जमते. आग विझवायला शिकवतात, जखमेला पट्टी कशी बांधायची दाखवतात. महेश घरीच लोळत होता. मी, ईरा आणि सुजाता गेलो. आत शिरताच भिंतीवर भला मोठा तक्ता. ईरा वाचून सांगू लागली. ‘आपली वस्ती.’ माझं धंद्याचं डोकं लगेच तिकडे वळलं. वा! म्हातारे किती, मुलं किती, एकटे राहणारे किती, नोकरदार, दुकानदार, निवृत्त, सगळं रंगीत कागदांनी सुबक केलेलं. शेजारी परदेशी रहिवासी, देशवार.

भारत: शून्य.

त्याच्या खाली अन्नाची यादी. बिनमाशाची पाकिटं: शून्य.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. शून्याचा शोध आम्ही लावला म्हणून आमच्याच नावापुढे लिहायचा का तो?

मी तरातरा व्यासपीठाजवळ गेले. ईराला हाताला धरून शेजारी उभं केलं. “मी बोलते ते एकूण एक शब्द जपानीत सांगायचं. काही गाळायचं नाही!”

ईरा म्हणाली, “हाय.” म्हणजे हो.

“हा तक्ता खोटा आहे!” मी सुरुवात केली. “मी ह्या कामातली माणूस आहे. सात समुद्रापलीकडे कोंबड्या कापणारा माणूस किती वाजता घरी जातो ते मी मोजते! आणि माझ्या स्वतःच्या गल्लीत मी नाही? माझी मुलगी नाही? ह्याच हॉलमध्ये ती उपाशी रडली होती! उद्या पुन्हा हलली जमीन, तर ह्या शून्यांनी काय खायचं? मी पत्र लिहिलं, त्याला साधं उत्तर नाही! आणि मोजणी? ती कोणी केली घरी बसून? कोण आहे तो कामचुकार? बोलवा त्याला पुढे!”

ईराने सगळं सांगितलं. कामचुकारसकट.

पट्टी बांधून घेणाऱ्या बाईंनी हात तसाच वर धरून ठेवला.

मागच्या रांगेतून एक म्हातारा उठला. हळूहळू पुढे आला.

निळं जाकीट.



“मी ओनो,” तो म्हणाला आणि इतका खाली वाकला की मला त्याची पाठ दिसली. “मोजणी मी केली. माफ करा.” ईरा आता उलट्या दिशेने भाषांतर करत होती. “आपलं पत्र आल्यावर मंडळाला वाटलं, किती पाकिटं लागतील ते आधी पाहावं. म्हणून मी आपल्या दोन इमारतींत प्रत्येक दाराशी चार वेळा गेलो. आपल्या दाराशी पाच वेळा. पत्र आपलं होतं, म्हणून. कोणी बोललं नाही. न विचारता आकडा कसा लिहायचा?”

मग अगदी खऱ्या काळजीने म्हणाला, “माझं जपानी नीट नसावं.”

अहो, अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस! जन्म इथला, हयात इथली! आणि मला म्हणतो, माझं जपानी नीट नसावं! ओरडला असता तर मी दुप्पट ओरडले असते. वाकणाऱ्या माणसाशी भांडायचं कसं, हे मला कोणी शिकवलेलंच नाही.

तरी मी निभावून नेलं असतं. ‘गैरसमज झाला’ म्हटलं असतं, हसले असते, खाली बसले असते. पण तेवढ्यात मागून सुजाताचा खणखणीत आवाज आला, शुद्ध मराठीत:

“अगं बाई, हाच ना गं तुझा तो चोर?”

ओनो-साननी, म्हणजे आपल्याकडचे ओनोराव, नम्रपणे ईराकडे पाहिलं. त्या मावशी काय म्हणाल्या?

“ईरा, नको!” मी म्हटलं.

पण एकूण एक शब्द सांगायचा, असा आईचा हुकूम होता ना! माझ्या गुणी मुलीने अख्ख्या हॉलला ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं. आणि वर स्वतःच्या मनाने जोडलं, “आईने सगळ्यांना फोनवर तसं लिहून पाठवलं होतं. मी सांगत होते, चोर नाही म्हणून.”

कुठेतरी कोणीतरी खोकलं. जपानी माणूस हसू दाबतो तेव्हा खोकतो, हे मला त्या दिवशी कळलं. मग दुसरा खोकला, तिसरा, आणि मिनिटभरात अख्ख्या हॉलला सर्दी झाली. ओनो-सान मात्र खोकले नाहीत. ते सरळ हसले, पोट धरून. मग त्यांनी आपलं निळं जाकीट काढलं आणि दोन्ही हातांनी माझ्यापुढे धरलं.

“पुढच्या शनिवारी माझ्याबरोबर याल का? आपण तर ह्या कामातल्या आहात.”

कुठल्या तोंडाने नाही म्हणणार? गेले.

तो शनिवार मी जन्मात विसरणार नाही. माझ्या अंगात निळं जाकीट, हातात पॅड, शेजारी ओनो-सान नवं जाकीट घालून. बेल वाजवायची, कॅमेऱ्याला वाकून नमस्कार करायचा, मराठीत ओरडायचं, “अहो, मी आहे, चारशे तीनमधली! उघडा!” दार उघडलं की आधी मेसेजबद्दल माफी, मग माणसं किती ते विचारायचं. सुजाताने तर मुद्दाम तीनदा बेल वाजवायला लावली. पण दुपारपर्यंत पॅडवरचे रकाने भरत गेले. माणसं लिहिली, मुलं लिहिली, पाकिटं लिहिली. शेवटचं घर उरलं. योकोहामाहून नुकतंच राहायला आलेलं कुटुंब, पाटीवर नाव मराठी.

बेल वाजवली. आतून कुकरची शिट्टी ऐकू आली. दुसरी बेल. शिट्टी एकदम बंद!

माझा संताप संताप झाला. “अहो, मराठीच आहे मी! चार प्रश्न आहेत फक्त! दार उघडायला काय जातं तुमचं?”

चिडीचूप.

तेवढ्यात माझ्या खिशात फोन वाजला. ग्रुपवर मेसेज. योकोहामा फिरून आलेला, पण पहिला शब्द वाचताच माझा मी ओळखला. शेवटी कोणीतरी भर घातली होती:

‘...आता त्याच्याबरोबर एक बाईही असते. ती मराठी बोलते, त्यामुळे जास्त सावध राहा.’

पाठवणारा कोण? आमचा महेश! वरून लिहिलं होतं, ‘बरोबर आहे.’

“काही महत्त्वाचं?” ओनो-साननी विचारलं.

“नाही,” मी म्हटलं, आणि पॅड पुढे ओढलं. त्या घरापुढे लिहिलं, ‘उत्तर दिलं नाही.’ शेजारी ‘कारण’ असा एक रकाना होता. तो रिकामा सोडला तर तक्ता खोटा झाला असता, म्हणून त्यात मी माझं नाव लिहिलं.